रक्तांतील चरबी आणि मूत्रपिंड : एका जुन्या वादाचा इतिहास



रक्त तपासून आल्यावर हातीं पडणाऱ्या कागदावर आजकाल दोन आंकडे बहुधा असतातच. एक कोलेस्टेरॉलचा, आणि दुसरा मूत्रपिंडांच्या कामाची कल्पना देणाऱ्या क्रिएटिनिनचा. पहिला आंकडा पाहून लोक हृदयाची काळजी करतात, दुसरा पाहून मूत्रपिंडांची. आणि या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल ही शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत या दोन गोष्टींची गांठ फार जुनी आहे. मूत्रपिंड बिघडलें म्हणून रक्तांत चरबी वाढते, कीं रक्तांत चरबी वाढली म्हणून मूत्रपिंड बिघडतें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उभा राहिला आणि एकविसावें शतक उजाडलें तरी पुरता मिटला नव्हता. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. कारण कोणतें आणि कार्य कोणतें, याचा निर्णय ज्या बाजूनें होई, त्याप्रमाणें रोग्याच्या ताटांतील पदार्थ बदलत, त्यास मिळणारें औषध बदले, आणि क्वचित् त्याचें आयुष्यहि कमीजास्त होई. त्या वादाचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

मूत्रपिंडाचें काम काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या टोकाशीं, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. रक्त या गुंत्यांतून जातांना त्यांतील पाणी, क्षार, साखर आणि टाकाऊ द्रव्यें पाझरून खालीं येतात. रक्तपेशी आणि प्रथिनें मात्र वरच अडून राहतात. दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव असा गाळला जातो, आणि त्यांतील दीड लिटरच्या आसपास भाग मूत्र होऊन बाहेर पडतो. बाकीचा सारा शरीर परत घेतें. चहाची गाळणी फाटली म्हणजे चोथा कपांत उतरतो. तसेंच या गाळणीचें होतें. ती सैल पडली, कीं रक्तांतील आल्ब्युमिन नांवाचें मोलाचें प्रथिन मूत्रांत उतरूं लागतें. आपल्या कथेचा आरंभ याच आल्ब्युमिनपासून होतो.

लंडन शहरांत गाय्ज् हॉस्पिटल या नांवाचें एक जुनें रुग्णालय आहे. तेथें रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) हे डॉक्टर काम करीत. अंगावर सूज घेऊन येणारे रोगी त्या काळीं पुष्कळ असत. चेहरा सुजे, पाय सुजत, पोटांत पाणी सांचे, आणि रोगी दगावे. ब्राइट यांनीं दोन गोष्टींची सांगड घातली. रोगी जिवंत असतां त्याचें मूत्र चमच्यांत घेऊन तें मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवावयाचें. अंड्यांतील पांढरें शिजतांना गोठतें तसें तें गोठलें, तर त्यांत आल्ब्युमिन आहे असें समजावयाचें. आणि असा रोगी मरण पावल्यावर शवविच्छेदन करून त्याचीं मूत्रपिंडें पाहावयाचीं. अशा रोग्यांचीं मूत्रपिंडें विकृत झालेलीं त्यांस वारंवार आढळलीं. १८२७ सालीं त्यांनीं आपलीं निरीक्षणें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें कित्येक पिढ्या हा विकार 'ब्राइटचा रोग' याच नांवानें ओळखला गेला.

त्या काळीं अनेक दुखण्यांवर रक्त काढण्याची चाल होती. आज ती आपणांस अघोरी वाटते. परंतु तिच्यामुळें डॉक्टरांच्या समोर रक्तानें भरलेलें भांडें नेहमीं असे, आणि तें निरखून पाहण्याची त्यांस संवय होती. रक्त थोडा वेळ ठेवलें म्हणजे लाल गोळा खालीं बसतो आणि वर फिकट पिवळसर पारदर्शक पाणी सुटतें. त्यास आपण रक्तजल म्हणूं. ब्राइटच्या रोगाच्या कांहीं रोग्यांत हें रक्तजल पारदर्शक नसून दुधासारखें पांढुरकें दिसे. ही दुधाळ छटा रक्तांत तरंगणाऱ्या चरबीची होय, हें ब्राइट यांच्या समकालीनांनीं, विशेषतः एडिंबरो येथील रॉबर्ट ख्रिस्तिसन यांनीं, ओळखलें. ब्राइट यांचे रसायनवेत्ते सहकारी जॉन बॉस्टॉक यांनीं या रोग्यांच्या रक्तजलांत आल्ब्युमिन कमी झालेलें असतें, असेंहि दाखविलें. म्हणजे मूत्रांत आल्ब्युमिन, रक्तांत त्याच आल्ब्युमिनची तूट, आणि रक्तांत चरबीचें आधिक्य, या तीनहि गोष्टी एकाच पिढीच्या नजरेस आल्या होत्या. त्यांचा परस्परसंबंध लावणें हें मात्र पुढच्या शंभराहून अधिक वर्षांचें काम ठरलें.

आतां या चरबीची थोडी ओळख करून घेऊं. फ्रान्समध्यें मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञांनीं १८१५-१६ च्या सुमारास पित्ताच्या खड्यांत सांपडणाऱ्या एका पांढऱ्या, मेणचट द्रव्यास नांव दिलें. ग्रीक भाषेंतील 'पित्त' आणि 'घन' या अर्थाच्या दोन शब्दांपासून तें बनविलेलें होतें. आजचा 'कोलेस्टेरॉल' हा शब्द त्यापासूनच आला. १८३३ सालीं फेलिक्स बूदे यांस तेंच द्रव्य मनुष्याच्या रक्तांत आढळलें. पुढें शतकाच्या मध्यास जर्मनीचे रुडॉल्फ व्हिर्खो यांनीं, ब्राइटच्या रोगाच्या शेवटच्या अवस्थेंत मूत्रपिंडांतील नलिकांच्या पेशी चरबीच्या थेंबांनीं भरून जातात, असें वर्णन केलें. येथून प्रश्नाला खरें तोंड फुटलें. रक्तांत चरबी आहे आणि मूत्रपिंडांतहि चरबी आहे. मग यांत चोर कोण आणि साव कोण?

येथें आपल्यापैकीं कित्येकांस आयुर्वेदाची आठवण होईल. चरकसंहितेच्या विमानस्थानांत शरीरांतील निरनिराळ्या स्रोतसांचें वर्णन आहे. त्यांत मेद वाहणाऱ्या स्रोतसांचें मूळ म्हणून वृक्क आणि वपावहन यांचा निर्देश केलेला आहे; आणि वृक्क म्हणजे मूत्रपिंडें. मूत्र वाहणाऱ्या स्रोतसांचें मूळ मात्र तेथें बस्ति आणि वंक्षण असें दिलेलें आहे. म्हणजे त्या ग्रंथकारांच्या दृष्टीनें वृक्कांचा संबंध मूत्रापेक्षां मेदाशीं अधिक होता. हें साम्य चित्तवेधक आहे खरें. पण तेवढ्यावरून आधुनिक शोध आपल्याकडे पूर्वीच लागला होता, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मूत्रपिंडांच्या भोंवतीं चरबीचा जाड थर असतो. प्राण्यांचें शरीर उघडून पाहणाऱ्यास तो सहज दिसतो, आणि बहुधा त्यावरूनच ही कल्पना निघाली असावी. एखादें निरीक्षण खरें असणें वेगळें, आणि त्याचें कारण उमगणें वेगळें. हाच भेद पुढच्या साऱ्या इतिहासांत आपणांस पुन्हां पुन्हां दिसेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन वैद्यकानें या प्रश्नांत विशेष लक्ष घातलें. १९०५ सालीं फ्रीड्रिख म्युलर यांनीं दाहाशिवाय होणाऱ्या मूत्रपिंडविकारांस 'नेफ्रोसिस' हें वेगळें नांव सुचविलें. १९१३ सालीं फ्रिट्झ मुंक यांनीं अशा रोग्यांच्या मूत्रांतील चरबीच्या सूक्ष्म कणांकडे लक्ष वेधलें. ध्रुवित प्रकाशांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले असतां हे कण चमकतात. या रोगास त्यांनीं 'लिपॉइड नेफ्रोसिस', म्हणजे चरबीयुक्त नेफ्रोसिस, असें नांव दिलें. नांवाचा परिणाम मोठा असतो. रोगाच्या नांवांतच चरबी येऊन बसल्यामुळें, हा साऱ्या शरीराच्या पोषणव्यापाराचा बिघाड असून मूत्रपिंड हें केवळ त्याला बळी पडलेलें इंद्रिय आहे, अशी कित्येक डॉक्टरांची समजूत झाली.

न्यूयॉर्कचे आल्बर्ट एप्स्टाइन हे या पक्षाचे प्रमुख पुरस्कर्ते. परंतु त्यांच्या विचारांत एक मोठा व्यावहारिक गुण होता. मूत्रांत प्रथिन जातें म्हणून अशा रोग्यांचीं प्रथिनेंच तोडण्याचा प्रघात त्या काळीं होता. एप्स्टाइन यांनीं १९१७ सालीं उलट सांगितलें, कीं रक्तांतील प्रथिन कमी झाल्यामुळेंच पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतें व सूज येते. तेव्हां रोग्यास प्रथिनें भरपूर द्या, आणि रक्त आधींच चरबीनें लडबडलेलें असल्यामुळें स्निग्ध पदार्थ कमी करा. पुढें त्यांनीं गलग्रंथीचा अर्कहि औषध म्हणून वापरला. कारण ती ग्रंथि मंदावलेल्या माणसाच्या रक्तांतहि कोलेस्टेरॉल असेंच वाढलेलें असतें. उपासमारीच्या पथ्यांतून रोग्यांची सुटका करणारा हा विचार होता, एवढें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. मूळ रोग मात्र त्यानें हटला नाहीं. हा रोग लहान मुलांत विशेष आढळतो, आणि जंतुनाशक औषधें निघण्यापूर्वी त्यांतील पुष्कळ मुलें सुजेपेक्षां जंतुसंसर्गानेंच दगावत.

१९५० च्या सुमारास एकदम तीन दिशांनीं प्रकाश पडला. पहिली दिशा रसायनाची. तेल पाण्यांत मिसळत नाहीं, मग चरबी रक्तांतून वाहते कशी? ती प्रथिनांच्या वेष्टनांत बसून प्रवास करते. कॅलिफोर्नियांतील जॉन गॉफमन यांनीं अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत रक्तजल घालून हे निरनिराळ्या वजनांचे वाहक कण वेगळे करून दाखविले. दुसरी दिशा औषधाची. स्टेरॉइड जातीचीं औषधें दिल्यावर नेफ्रोसिस झालेल्या पुष्कळ मुलांच्या मूत्रांतील आल्ब्युमिन थांबूं लागलें. आणि तें थांबलें, कीं रक्तांतील चरबी मागाहून आपोआप उतरे. तिसरी दिशा यंत्राची. १९५७ सालीं फार्कर, व्हर्नियर आणि गुड यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून अशा मुलांच्या मूत्रपिंडाचे तुकडे पाहिले, तों साध्या सूक्ष्मदर्शकांत निर्दोष दिसणाऱ्या गाळणीच्या पेशी प्रत्यक्षांत बिघडलेल्या असल्याचें आढळलें.

या तीन गोष्टींनीं पारडें फिरलें. आधीं गाळणी बिघडते. मग आल्ब्युमिन गळतें. तें भरून काढण्यासाठीं यकृत नेटानें कामास लागतें, आणि आल्ब्युमिनबरोबर चरबीचे वाहक कणहि अधिक तयार करतें. त्याच वेळीं हे कण रक्तांतून उचलून नेण्याची क्रिया मंदावते. उत्पन्न वाढलें आणि खर्च घटला, म्हणजे शिल्लक वाढणारच. रक्तजल दुधाळ होतें तें यामुळें. तात्पर्य, चरबी हें कारण नसून कार्य होय, असा निकाल लागल्यासारखा झाला.

परंतु वाद येथें संपला नाहीं. १९१३ सालींच रशियांत निकोलाय अनिच्कोव्ह यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर पाडून दाखविले होते. पुढें चरबीचा आणि हृदयविकाराचा संबंध जसजसा स्पष्ट होत गेला, तसतसा एक नवा प्रश्न पुढें आला. रक्तांतील चरबी मोठ्या रोहिण्यांस घातक ठरते, तर मूत्रपिंडाच्या गाळण्या म्हणजे तरी दुसरें काय? त्याहि रक्तवाहिन्याच. १९८२ सालीं लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील जॉन मूरहेड आणि त्यांचे सहकारी यांनीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत एक उपपत्ति मांडली. पहिला घाव कोणत्याहि कारणानें होवो, त्यानंतर वाढलेली चरबी गाळणीच्या पडद्यांत व पेशींत शिरून तिला आणखी इजा करते. त्यामुळें गळती वाढते, गळतीमुळें चरबी वाढते, आणि मूळ कारण नाहींसें झालें तरी हें चक्र फिरतच राहतें. म्हणजे आरंभीं जें कार्य होतें, तेंच पुढें कारण होऊन बसतें. अमेरिकेंत बर्ट्रम कसिस्के व विल्यम कीन यांनीं जात्याच लठ्ठ असणाऱ्या उंदरांस चरबी उतरविणारीं औषधें दिलीं, तेव्हां त्यांच्या गाळण्यांची नासाडी कमी झाली. उपपत्तीस हा चांगलाच आधार मिळाला.

माणसांतहि चरबी एकटी गुन्हेगार असूं शकते, याचा पुरावा नॉर्वेंतून आला होता. १९६७ सालीं कोरे नोरुम व एगिल योने यांनीं एका कुटुंबांतील विलक्षण रोगाचें वर्णन केलें. रक्तांतील कोलेस्टेरॉलवर संस्कार करणारें एक विकर या माणसांत जन्मतःच नव्हतें. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुलीवर धूसरपणा येई, रक्त कमी होई, आणि मूत्रांत आल्ब्युमिन जाऊन शेवटीं मूत्रपिंडें निकामी होत. या रोगांत दुसऱ्याचें निरोगी मूत्रपिंड बसविलें, तरी त्यांतहि तशीच चरबी सांचूं लागते, असें पुढें दिसून आलें. नवें मूत्रपिंड निर्दोष असूनहि बिघडतें, त्या अर्थी दोष रक्ताकडेच असला पाहिजे. परंतु हा रोग अत्यंत विरळा. सामान्य रोग्यास हाच नियम लागू पडतो काय, हा प्रश्न तसाच उरला.

त्याचें उत्तर मिळण्यास साधन मिळालें तें जपानमध्यें. अकिरा एंडो यांनीं १९७३ सालीं बुरशीच्या एका जातींत कोलेस्टेरॉलचें उत्पादन रोखणारें द्रव्य शोधलें. त्याच कुळांतील पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. हींच आजचीं 'स्टॅटिन' औषधें. उंदरांस जो गुण आला तो माणसांस येईल, ही आशा स्वाभाविक होती. मात्र आशा ही पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणून मोठ्या चांचण्या झाल्या. त्यांत निम्म्या रोग्यांस खरें औषध, आणि निम्म्यांस तशीच दिसणारी पण निरुपयोगी गोळी, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनें करतात. जर्मनींतील चांचणींत डायलिसिसवर असलेले १२५५ मधुमेही होते; तिचा निकाल २००५ सालीं आला. चरबी खूप उतरली, परंतु हृदयाचे आघात व मृत्यू यांत भरंवसा ठेवण्याजोगा फरक पडला नाहीं. २००९ सालीं अडीच हजारांहून अधिक डायलिसिसच्या रोग्यांवरील दुसऱ्या चांचणीनेंहि तेंच सांगितलें. २०११ सालीं ऑक्सफर्डच्या पुढाकारानें झालेल्या ९२७० रोग्यांच्या चांचणीचा निकाल लागला. त्यांत चरबीच्या थरांमुळें होणारे हृदयाचे व मेंदूचे मोठे आघात सुमारें १७ टक्क्यांनीं कमी झाले. मूत्रपिंडांचें काय? ज्यांना अद्याप डायलिसिसची गरज नव्हती अशा ६२४७ रोग्यांपैकीं, औषध घेणाऱ्यांत ३३.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३४.६ टक्के लोकांचीं मूत्रपिंडें पुढें निकामी झालीं. हा फरक नसल्यातच जमा.

या आंकड्यांनीं जवळजवळ दोनशें वर्षांच्या वादाचा एक संयत निकाल दिला. सामान्य मूत्रपिंडविकारांत चरबी ही मुख्य आरोपी नाहीं. फार तर साथीदार आहे. ती उतरविल्यानें मूत्रपिंड वांचतें असें सिद्ध झालें नाहीं, परंतु मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाचें हृदय सांभाळलें जातें. ही गोष्ट लहान नव्हे. कारण मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांत कित्येक रोगी डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकारानें जातात. याच आधारावर २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत असें सांगितलें गेलें, कीं पन्नाशी गांठलेल्या आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या माणसांस स्टॅटिन द्यावें. डायलिसिस चालू असणाऱ्यास तें नव्यानें सुरू करूं नये. मात्र आधींपासून चालू असल्यास तें बंद करण्याचें कारण नाहीं.

या इतिहासापासून घरांतील माणसांनीं घ्यावयाचा बोध काय? पहिला असा, कीं मूत्रपिंडांचा खरा सांभाळ रक्तदाब आणि रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवण्यांत, तंबाखू सोडण्यांत, आणि आल्ब्युमिनची गळती वेळींच ओळखण्यांत आहे. मूत्रपिंड दुखत नाहीं; तें मुकाट्यानें झिजतें. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे त्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्ताबरोबर मूत्रांतील आल्ब्युमिनहि तपासून घ्यावें. ब्राइट यांची मेणबत्ती आणि चमचा गेला, तरी परीक्षा तीच आहे. दुसरा असा, कीं मूत्रांत प्रथिन जात असून कोलेस्टेरॉल एकाएकीं फार चढलें असेल, तर केवळ तूप-तेलास दोष देऊन थांबूं नये. दोषाचें मूळ गाळणींत असूं शकतें, आणि तेथें उपचार झाले म्हणजे चरबीहि उतरते. तिसरा बोध अधिक महत्त्वाचा. डायलिसिसवर असलेल्या कृश रोग्याचें कोलेस्टेरॉल कमी आढळलें म्हणजे घरचे लोक समाधान मानतात. परंतु अशा माणसांत कमी कोलेस्टेरॉल हें पुष्कळदां अपुऱ्या पोषणाचें चिन्ह असतें. त्याच्या ताटांतून घांस काढून घेणें म्हणजे पथ्य नव्हे. त्यानें काय व किती खावें हें त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच ठरवावें, आणि चालू औषध मनानें थांबवूं नये.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे त्यांतील एक दुसरीचें कारण आहे, असें म्हणण्याचा मोह विद्वानांसहि आवरत नाहीं. दुधाळ रक्तजल प्रथम पाहणाऱ्यांचे डोळे अचूक होते. अर्थ लावणारे मात्र कधीं या टोकास गेले, कधीं त्या. त्यांच्या चुका सुधारण्यास जीं साधनें लागलीं तीं थोर बुद्धीपेक्षां धीराचीं होतीं: मोजणें, तुलना करणें, आणि आपल्या आवडत्या कल्पनेविरुद्ध उत्तर आलें तरी तें छापून टाकणें. चांचणींत आपण होऊन सामील झालेल्या हजारों रोग्यांचें ऋणहि येथें विसरतां येणार नाहीं. त्यांपैकीं निम्म्यांच्या वांट्यास नुसती खोटी गोळी आली. पण आज आपल्या घरांतील रोग्यास कोणतें औषध द्यावें आणि कोणतें देऊं नये, हें त्यांच्यामुळेंच कळलें.